आवाज क्रमांक तीन

माझा पाय कापायचा की नाही यावर बोलणं चाललं होतं, आणि ती डॉक्टरीण मला भिंतीवरची हिरवी रेघ दाखवत होती.

"काकू, हा तुमचा शांततेचा आलेख. दोन महिने सलग हिरवा. इतकी शांत पेशंट आमच्याकडं दुसरी नाही." आणि त्याच दमात म्हणाली, "पण जखम हाडाला टेकलीय. पंधरा दिवसांत कडा भरायला लागल्या नाहीत, तर घोट्याखालचं सगळं काढावं लागेल."

"मग ती रेघ काय लोणच्याबरोबर खाऊ?" मी म्हटलं.

डॉ. तबस्सुम मुजावर हसली नाही. तिशीतली पोरगी, डोळ्यांखाली काळं आलेलं. बाकीचे डॉक्टर माझ्या तोंडाला घाबरून लवकर पळायचे, ही बसून राहायची. एवढ्यासाठी तिला मी थोडी सवलत देत होते.

आधी माझी ओळख सांगते. मी मंदाकिनी जगदाळे, मुक्काम कराड, वय सहासष्ट. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. कराड-चिपळूण लाइनवर कुंभार्ली घाटात भरल्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडलीत. माझा आवाज पुढच्या सीटपासून मागच्या टपापर्यंत जायचा, अजून जातो. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा सुयश पुण्यात असतो, रोज सकाळी नऊला फोन करतो, चार मिनिटं. साखरेचा आजार वीस वर्षांचा. गेल्या फाल्गुनात डाव्या टाचेला फोड आला, तो फुटला आणि भरायचं नावच घेईना.

ही सगळी गोष्ट सन २०४६ची. त्या वेळी जखमेवर मलमाआधी सोबत लिहून द्यायची पद्धत नुकतीच आली होती. सरकारी योजना होती, दवाखान्यात 'सहवास कक्ष' अशी पाटी लागली होती.

डॉक्टरणीनं मला त्यामागचं शास्त्र समजावलं होतं, ते माझ्या भाषेत सांगते. माणूस एकटा पडला की त्याच्या शरीराला वाटतं, आता पाठीशी कोणी नाही, कधीही घाव बसेल. मग शरीर पहाऱ्यावर बसतं. रक्तात सूज चढलेली राहते, ताणाचं रसायन रात्रीसुद्धा उतरत नाही. पहारा देता देता डागडुजीचं काम मागं पडतं, आणि जखम उघडीच राहते. भरवशाचं माणूस जवळ असलं की पहारा उठतो. हे सगळं शंभर वर्षांपासून थोडंथोडं माहीत होतं, पण कुठलं माणूस कोणाला किती लागू पडतं, हे मोजायची सोय नव्हती.

ती सोय म्हणजे सोबतपट्टी. तळहाताएवढी, दंडाला चिकटवायची. तिला केसाहून बारीक सुया असतात. कातडीखालचा ओलावा चाखून ताण किती, सूज किती, हे त्या सांगतात. नाडीही बघतात. शिवाय पट्टी ऐकते. शब्द नाही, कायद्यानं बंदी आहे. फक्त आवाज कोणाचा, सूर कसला आणि किती वेळ. आठ दिवसांत ती तुमच्या आयुष्यातल्या प्रत्येक आवाजाला क्रमांक आणि गुण देते. पन्नासच्या वर उपकारक. वजा चाळीसच्या खाली हानिकारक. निकाल लागल्यावर पुन्हा ताण एकदम चढला, की पट्टी लाल होऊन बोलून इशाराही देते.

माझा निकाल आला तेव्हा मी कक्षातल्या खुर्चीवर बसून वाचला. आवाज क्रमांक एक, मुलगा, अधिक बावीस. नऊ महिने पोटात वागवला, बावीस! आवाज क्रमांक दोन, दूधवाला महिपती, अधिक एकतीस. तो तर दारातून नुसतं "दूऽऽध" म्हणतो. आणि आवाज क्रमांक तीन, बाई, वय अंदाजे सत्तर, रोज दुपारी चार वाजता, सरासरी अडतीस मिनिटं. वजा एकसष्ट.

मी खुर्चीतच टाळी वाजवली.

"ही कोण?" डॉक्टरणीनं विचारलं.

"ही? ही माझी थोरली जाऊ. शैलजा जगदाळे. लिहून घ्या."

फॉर्मवर एक रकाना होता, 'त्रासदायक व्यक्ती'. तिथं मी तिचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर, सगळं लिहून दिलं. तो नंबर मी एकोणीस वर्षांत लावला नव्हता, पण पाठ होता. त्याच्या वर दुसरा रकाना होता, 'रोज कोणाशी बोलता?' तिथं सुयश आणि महिपती ही दोनच नावं लिहिली. तिसरं लिहायचा प्रश्नच नव्हता, कारण शैलजाशी मी बोलत नव्हते. आमचा अबोला होता.

हा अबोला काय होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर मला तुम्ही खोटारडी म्हणाल.

आमच्या सासऱ्यांनी सोमवार पेठेच्या मागं दोन भावांना दोन घरं बांधून दिली, एकाला एक चिकटून. मागच्या परसात मध्ये खांद्याएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडं माझा नळ, पलीकडं तिचा. पाणी दुपारी चारला येतं. जग मंगळावर चाललं असेल, कराडात आमच्या गल्लीला पाणी अजून चारलाच येतं. त्यामुळं चारला मी माझ्या नळाशी, ती तिच्या नळाशी. मी माझ्या बादलीशी बोलायची, ती तिच्या मांजरीशी.

"मने," ती मांजरीला म्हणायची, "काही लोकांच्या घरातनं फणसाचा वास येतोय. साखर चारशेवर गेली की मग दवाखान्यात जाऊन गळा काढतील."

"बादले," मी म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला काहींचं नाक फारच लांब आहे. नवरा गेला, पोरंबाळं नाहीत, मग वेळ जात नाही."

"मने, अनवाणी फिरायचं आणि पायाला भोक पडलं की नशिबाला बोल लावायचा. रीतच आहे काहींची."

असं अडतीस मिनिटं, टाक्या भरेपर्यंत. एकमेकींकडं बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. मग मी रागानं लालबुंद होऊन घरात यायची आणि निव्वळ तिला दाखवायला चप्पल घालून फटक फटक वाजवत फिरायची. फणस उरलेला कामवालीला देऊन टाकायची. रात्री तिला उद्या काय ऐकवायचं ते जुळवत झोप लागायची. पण याला कोणी बोलणं म्हणेल? कराडात तरी नाही म्हणणार. मी बादलीशी बोलत होते.

आणि हा अबोला का? तर एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. चार वर्षं अंथरुणात होत्या, त्यांचं सगळं थोरलीनंच केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं. मी ड्युटीवर असायची. दहाव्याला आम्ही सगळे प्रीतिसंगमाच्या घाटावर गेलो, पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. तास झाला, दीड तास झाला. दिरांनी हात जोडले, माझ्या नवऱ्यानं "आई, सगळ्यांना सांभाळू" म्हणून बघितलं. कावळे झाडावर बसून नुसते बघतायत. मला बारा-चाळीसची चिपळूण गाठायची होती. आणि मी घाटावर, जमलेल्या सगळ्या भावकीसमोर, माझ्या त्या गाडीतल्या आवाजात म्हणाले, "कावळा कसा शिवेल? सांभाळणाऱ्यानं वेळेवर दवाखान्यात नेलं असतं, तर म्हातारी आज असती!"

आणि तेवढ्यात कावळा शिवला.

सगळ्यांनी थोरलीकडं बघितलं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि घाटाच्या पायऱ्या चढून एकटी निघून गेली. त्या दिवसापासून ती भावकीत कुणाच्या लग्नाला गेली नाही की बारशाला नाही. लोकांनी तिला बोलावणंही सोडलं.

त्या दिवशीचं आणखी एक आहे, पण ते मी पुढं सांगीन. ते सांगायला मला एकोणीस वर्षं लागली, तुम्ही दोन पानं थांबा.

तर फॉर्म भरला, आणि दवाखान्यानं योजनेच्या नियमाप्रमाणं थोरलीला सहवास-सूचना पाठवली. दुसऱ्या दिवशी चारला मी बादली घेऊन उभी. ठेवणीतलं वाक्य तयार होतं. भिंतीपलीकडं नळाला पाणी आलं, पण ते थेट पाइपातनं तिच्या स्वयंपाकघरात गेलं. तिनं नळाला पाइप जोडून घेतला होता. ना ती बाहेर आली, ना मांजर.

मी जिंकले. त्या संध्याकाळी मी शिरा करून खाल्ला.

आठवड्यानं कक्षातर्फे करुणा मॅडम यायला लागल्या. वय पन्नास, फिक्या रंगाची साडी, प्रशिक्षित सोबतीण, गुण अधिक सत्त्याऐंशी. रोज दुपारी तीन ते सहा.

"काय हो, आज भाजीत मीठ जास्त झालंय ना?" मी विचारायची.

"थोडं जास्त असलं तरी छान लागतंय हं."

"नाही, कमी झालंय."

"हो ना, किंचित कमीच."

"मी तुम्हाला आत्ता शिवी दिली तर?"

"तुमच्या मनात काय साठलंय ते बाहेर येईल, चांगलंच आहे."

अरे देवा! या बाईला धरून भिंतीवर आपटली असती तरी तिनं भिंतीचं कौतुक केलं असतं. पण पट्टी खूश होती. नाडी संथ, सूर संथ, रेघ हिरवी. मी दुपारी तिच्यासमोर बसल्या बसल्या पेंगायची आणि रात्री टक्क जागी असायची. फणस खाल्ला, कोणी बोललं नाही. अनवाणी फिरले, कोणी बोललं नाही. सुयश फोनवर म्हणाला, "आई, रिपोर्ट बघितला, मस्त चाललंय." आणि टाच सडत चालली. पायाला बधिरपणा असल्यानं दुखतही नव्हतं, नुसता वास यायचा. करुणा मॅडम उदबत्ती लावायच्या.

असं करत ती हिरवी रेघ आणि पंधरा दिवसांची मुदत माझ्यासमोर आली.

डॉक्टरणीनं दार लावून घेतलं. टेबलावर जखमेचे फोटो तारखेप्रमाणं मांडले, पत्ते मांडावेत तसे.

"काकू, हे आधी बघायला पाहिजे होतं, ती चूक माझी. हे मार्चातले. जखम लहान होत होती, अगदी हळू, पण होत होती. हा बारा एप्रिल. इथून पुढं उलटी फिरलीय. बारा एप्रिलला काय झालं?"

"काय झालं?"

"तुमच्या जाऊबाईंना सूचना गेली."

मी तो फोटो उलटा करून ठेवला.

"पट्टी त्या क्षणाचं मोजते," ती म्हणाली. "चार वाजता तुमची नाडी एकशेदहा व्हायची, ताण चढायचा. पट्टीनं वजा गुण दिले. पण रात्रीचे आकडे कोणी जोडून बघितलेच नाहीत. त्या दिवसांत पाचनंतर तुमचा ताण झरझर खाली यायचा आणि पहाटेपर्यंत खाली राहायचा. नीट झोप लागायची. आता चारला चढत नाही, आणि रात्रभर उतरतही नाही. तुमचं शरीर रात्रभर पहारा देतंय. दिवसाची जी हिरवी रेघ आहे ना, ती शांतता नाही. तुम्ही कंटाळून पेंगताय."

"म्हणजे भांडण केलं की जखम भरते? छान शास्त्र आहे."

"नाही. भांडणाऱ्या घरांत जखमा उशिरा भरतात, हे शेकडो लोकांवर तपासलेलं आहे. म्हणूनच पट्टी तशी बनवलीय. पण तुमच्या बाबतीत ते भांडण आहे का, अशी मला शंका आहे. तुम्ही चप्पल घातली का, गोळी घेतली का, काय खाल्लं, हे दिवसभरात दुसरं कोण विचारतं तुम्हाला?"

"ती विचारत नव्हती. मांजरीला सांगत होती."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"रोज अडतीस मिनिटं. आणि फॉर्मवर तुम्ही लिहिलंत की तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"नाहीच बोलत! अबोला आहे आमचा!"

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. तिच्या घरीही दोन चुलत्यांचा अबोला असावा, कारण एवढ्यावर तिला सगळं कळलं.

"बरं," मी म्हटलं, "मग ती सूचना माघारी घ्या. एवढा ऊहापोह कशाला?"

"आठ दिवसांपूर्वीच घेतली. पत्र पाठवलं, फोनही केला. त्या यायला तयार नाहीत. म्हणाल्या, 'एक बाई मारल्याचा आळ माझ्या डोक्यावर आहेच. आता दवाखान्यानं लेखी दिलंय की दुसरीही माझ्यामुळं मरेल. मी तिच्या वाऱ्याला उभी राहणार नाही.'" डॉक्टरणीनं फोटो गोळा केले. "काकू, तो आळ कसला आहे? ते मी नाही मिटवू शकत. तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं. मी म्हणाले, "रिक्षा बोलवा."

पहिल्या दिवशी चारला मी भिंतीशी उभी राहिले. करुणा मॅडमना हाकलून दिलं होतं. त्या जातानाही "काळजी घ्या हं" म्हणाल्या.

"बादले," मी जोरात म्हटलं, "काही लोकांना पाइपानं पाणी भरायचे चोचले सुचलेत."

पलीकडं पाइपातनं पाणी गेल्याचा आवाज. बाकी काही नाही.

"बादले, चार वर्षं सेवा केली म्हणून काहींना आपण फार मोठे झालो असं वाटतं."

काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या माहेरावर गेले. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यावर, म्हणजे माझ्या सख्ख्या दिरावर, बिचारा देवमाणूस. एकेकाळी माझ्या असल्या वाक्यांवर ती भिंत फोडून आली असती. तिसऱ्या दिवशी मात्र मला स्वयंपाकघराच्या खिडकीआड तिची सावली दिसली. ती तिथं उभी राहून ऐकत होती आणि तोंडावर पदर दाबून धरला होता. मांजर खिडकीत बसून माझ्याकडं बघत होती.

मला भीती वाटली. पायाची वाटली नव्हती इतकी.

चौथ्या दिवशी मी काठी घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर पडून तिच्या दाराशी गेले. माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. एकोणीस वर्षांत मी ती चालले नव्हते. दिरांच्या अंत्यविधीला मी घाटावर दूर उभी राहिले होते.

कडी वाजवली. तिनं दार उघडलं आणि मला बघून दोन पावलं मागं सरकली, रोगी माणसापासून सरकावं तशी. पण रोगी मी होते. ती वाळली होती. हाडांचा सापळा, ब्लाउज खांद्यावर लोंबत होता. तिच्या दंडाला कोणी पट्टी लावली नव्हती. तिची जखम मोजायला कुठलीच योजना नव्हती.

तिनं तोंडावर पदर धरला आणि दुसऱ्या हातानं दाराच्या आतल्या बाजूकडं बोट दाखवलं. तिथं टाचणीनं कागद लावला होता. मी वाचला. 'आपल्या सहवासामुळे रुग्णाच्या जिवास धोका संभवतो. कृपया अंतर राखावे.' खाली शिक्का.

शिक्का दवाखान्याचा होता. वाक्य माझं होतं. घाटावर मी जे बोलले, तेच कुणीतरी साध्या टायपात छापून तिच्या दाराला लावलं होतं, आणि या वेळीही तिचं नाव मीच पुढं केलेलं.

एकतीस वर्षं मी पन्नास माणसांना एका आवाजात गप्प केलंय. तिथं माझा आवाज फुटेना.

"अक्का," मी म्हणाले. हा शब्द मी विसरले असेन असं वाटलं होतं. "त्या दिवशी सकाळी आत्याबाई मला बोलल्या होत्या."

तिनं दाराची कड धरली.

"मी डबा भरत होते. तू पाणी तापवत होतीस मागं. मी त्यांच्या खोलीत डोकावले, तर म्हणाल्या, 'मंदा, छातीत कसंतरी होतंय गं. आज थांब.' मी म्हणाले, 'तुमचं रोजचंच आहे.' मला चिपळूणची ड्युटी मिळाली होती, ती सोडली तर पुन्हा ढेबेवाडीच्या लाइनवर टाकलं असतं. मी निघाले. तुलाही सांगितलं नाही, कारण तू सांगितलं असतंस, थांब म्हणून. मी कुंभार्लीत असताना फोन आला."

मी बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते.

"तुला माहीतच नव्हतं, तू कशी नेणार होतीस दवाखान्यात? माहीत मला होतं. घाटावर कावळा शिवेना, तसा मला घाम फुटला. मला वाटलं, आता हा बसून राहणार आणि सगळ्यांना कळणार. म्हणून मी तुझं नाव घेतलं. आणि तो शिवला, तर माझ्यासकट सगळ्यांना खरंच वाटलं. अक्का, कावळ्याला काही माहीत नव्हतं. दीड तास उपाशी होता तो. तू कोणाला मारलं नाहीस. मी मारलं असेल. तू नाही."

दंडावरची पट्टी थरथरायला लागली. लाल दिवा लागला, आत बारीक बाईचा आवाज आला, "हानिकारक सहवास. कृपया दूर व्हा." थोरलीनं पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पदर तोंडावरून खाली आला. ओठ हलले, मला वाटलं आता बोलेल.

तिनं दार लावलं. इतक्या जोरात की वरचा रंगाचा पोपडा माझ्या डोक्यावर पडला.

बरोबरच केलं तिनं. मी तिच्या जागी असते तर काठी हिसकावून घेतली असती. मी अकरा पावलं परत आले, पलंगावर बसले आणि मोठ्यानं रडले. नवरा गेला तेव्हाही अशी रडले नव्हते.

संध्याकाळी मी सुयशला फोन केला, आणि त्याला सांगून भावकीच्या ग्रुपवर बोललेलं पाठवलं. चार मिनिटांचा आवाज, जे दाराशी बोलले तेच. चुलत सासरे, आतेनणंदा, पाटणचे, उंब्रजचे, जे जे घाटावर होते आणि अजून जिवंत होते, त्या सगळ्यांना. त्यांच्यासमोर बोलले होते, मग त्यांच्यासमोरच परत घ्यायला हवं होतं. उत्तरं काय काय आली ते सांगत नाही. मला सुनेच्या नात्यातून उठवलं म्हणा.

पुढचे पाच दिवस चारला पाइपातनंच पाणी गेलं. दहाव्या दिवशी डॉक्टरणीनं डाव्या पायाची दोन बोटं काढली. ती काळी पडली होती. टाचेचा निर्णय मुदत संपेपर्यंत थांबवते म्हणाली, आणि मला घरी सोडलं. बाकीचा पाय पुढं वाचला, हे आत्ताच सांगून टाकते. पण त्या दुपारी ते मला माहीत नव्हतं, डॉक्टरणीलाही नाही.

घरी आले त्या दिवशी चारला सवयीनं परसात गेले. एका हातात काठी, दुसऱ्यात बादली. नळ सोडला. बोलायचं काही जुळवलं नव्हतं. बादलीकडं बघत उभी राहिले.

पलीकडं घागर आपटल्याचा आवाज आला. पितळी घागर, दगडावर. मग नळाचं पाणी पितळेत पडायला लागलं.

मी मान वर केली नाही. वाटलं, आता मांजरीला हाक मारेल.

"मंदे."

एकोणीस वर्षं. माझ्या हातातली काठी निसटली.

"आत्याबाईंना खाल्लंस तू," थोरली म्हणाली. आवाज चिरकला होता, दोन महिने कोणाशी न बोललेल्या माणसाचा असतो तसा. भिंतीच्या वर तिचं डोकं दिसत होतं, आणि ती सरळ माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हटलं.

"मग एकोणीस वर्षं मला खाल्लंस. लोकांनी माझ्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं. हे गेले तेव्हा खांद्याला माणसं मोजून मिळाली."

"हो."

"तुला मी कधी माफ करणार नाही. मरेपर्यंत नाही. ऐकू आलं का?"

"आलं."

दंडावर पट्टी पुन्हा थरथरली. लाल दिवा, ती बारीक बाई, दूर व्हा, दूर व्हा. मी नखानं कड उचकटली आणि पट्टी ओढून काढली. तिच्याखालची कातडी पांढरी पडली होती.

"आणि ही काय रीत झाली?" थोरली ओरडली. "दोन बोटं कापून आलीस आणि ओल्या फरशीवर उभी? मेली अक्कल गहाण टाकलीस काय दवाखान्यात? चप्पल कुठाय?"

"एवढ्या बँडेजवर चप्पल कशी जाणार?"

"मग पिशवी बांध! प्लास्टिकची पिशवी नाही घरात? थांब, येते मी. हलू नकोस तिथून. हललीस तर दुसरा पाय मी तोडीन."

भिंतीवरचं डोकं नाहीसं झालं. तिच्या घराचं पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. मी पावलं मोजत उभी राहिले. माझी बादली कधीच भरली होती, पाणी फरशीवरून वाहत चाललं होतं, आणि मला हलू नको म्हणून सांगितलं होतं.